घरी बांधायच्या विमानाची इंधन टाकी: जोडणी, सीलंट आणि गळतीची तपासणी

व्हॅन्स या अमेरिकी कंपनीच्या आरव्ही-७, ८ किंवा ९ या घरी जोडायच्या विमानाच्या पंखांचं किट गॅरेजमध्ये येऊन पडलंय, शेपटीचं काम हातावेगळं झालंय आणि आता टाक्यांच्या पानावर येऊन तुम्ही थबकला आहात, असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अमेरिकेत हौशी बांधणाऱ्यांमध्ये या टप्प्याची मोठी धास्ती असते. काळं, चिकट, उग्र वासाचं सीलंट, त्याची घड्याळाशी शर्यत आणि शेवटी टाकी गळणार तर नाही ना ही धाकधूक. मी यातून गेल्यावर माझं मत असं झालं की टाकी गळणार की नाही हे बहुतेक वेळा सीलंटचा डबा उघडण्याआधीच ठरलेलं असतं. पत्रा किती नीट घासला, किती स्वच्छ पुसला आणि कोपरे किती लक्ष देऊन भरले, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून खाली तयारीवर जास्त लिहिलं आहे.

आधी रचना समजून घेऊ. या विमानांमध्ये पंखाच्या पुढच्या कडेचा मुळाकडचा तुकडा हीच टाकी असते. आत वेगळी पिशवी किंवा डबा नसतो. बाहेरचा पत्रा, आतल्या रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या पत्र्याच्या फासळ्या, आणि मागचा उभा पत्रा, म्हणजे बॅफल, हे सगळं रिवेटने जोडून त्यात थेट इंधन भरलं जातं. आरव्ही-७ मध्ये प्रत्येक टाकीत २१ गॅलन, म्हणजे सुमारे ७९ लिटर इंधन मावतं. दोन्ही मिळून ४२ गॅलन. वेल्डिंग कुठेच नाही. शेकडो रिवेटची शेकडो भोकं असतात, आणि त्यातलं प्रत्येक भोक सीलंटने बंद करायचं असतं.

कागदपत्रं आणि नोंदी

- किटचे आराखडे, आणि कंपनीने त्या मॉडेलसाठी काढलेली सर्व सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे नंतर सुचवलेल्या बदलांची आणि तपासण्यांची पत्रकं. टाकीच्या आतल्या भागांबद्दलची बुलेटिन टाकी बंद करण्याआधीच वाचा. नंतर कळलं तर पत्रा कापावा लागतो.
- सीलंटचं तांत्रिक माहितीपत्रक आणि सुरक्षा माहितीपत्रक. डब्यावरचा बॅच क्रमांक आणि मुदत वहीत लिहून ठेवा.
- बांधणीची वही आणि फोटो. एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या नियमानुसार विमानाचा मोठा भाग हौशी व्यक्तीने स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी बांधलेला असावा लागतो. अर्ज ८१३०-१२ भरताना आणि तपासनीस येईल तेव्हा पुरावा म्हणून हीच वही उपयोगी पडते. टाकी बंद झाली की आतलं काम कुणालाच दिसत नाही, म्हणून फोटो भरपूर काढा. काही फोटोंत तुमचे हातही दिसू द्या.

भारतात बांधणार असाल तर कागदपत्रांची वाट वेगळी आहे, ती डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाकडून जाते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमधल्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात मांडलं गेलं आणि त्याची डीजीसीएकडे नोंदणी झाली २०१७ मध्ये. तयार विमानाच्या कागदांनाही किती वेळ जातो, हे त्यावरून लक्षात घ्या. पत्र्याचं आणि सीलंटचं काम मात्र कुठेही गेलात तरी असंच.

साहित्य

- दोन भागांचं पॉलिसल्फाइड सीलंट. एएमएस-एस-८८०२ या मानकाचं, वर्ग ‘बी-२’. हँगरमध्ये सगळे त्याला ‘प्रोसील’ म्हणतात.
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा.
- एमईके (तेल-ग्रीस विरघळवणारं ज्वालाग्राही द्रव) किंवा ॲसिटोन, धागे न सोडणारी पांढरी सुती फडकी, मरून स्कॉच-ब्राइट (घासायची खरखरीत जाळी).
- नाइट्राइल हातमोज्यांचे अनेक खोके, आणि सेंद्रिय वाफांसाठी काडतूस असलेला मास्क. धुळीचा साधा मास्क इथे काही कामाचा नाही.
- सिरिंज, आइस्क्रीमच्या काड्या, मास्किंग टेप, मेणकागद.
- क्लेको, म्हणजे भोकांत घालून पत्रे तात्पुरते धरून ठेवणारे चिमटे, जितके मिळतील तितके. शेजारच्या बांधकाऱ्याकडून उसने आणा.
- गळती तपासायला: फुगा, सायकलचा पंप, व्हॉल्व्ह, फिटिंग्जना लावायची टोपणं, भांडी घासायचा पातळ साबण.

एक सूचना कळकळीने करतो. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत गॅसचा वॉटर हीटर गॅरेजमध्येच असतो आणि त्याची ज्योत सतत पेटती असते. एमईकेची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. एमईके उघडण्याआधी ती ज्योत बंद करा आणि गॅरेजचं दार उघडा. वापरलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

१. टाकी आधी कोरडी बसवून बघा

सीलंटशिवाय सगळी टाकी क्लेकोंनी जोडा आणि पंखाच्या स्पारवर, म्हणजे मुख्य तुळईवर, चढवून बघा. बॅफलच्या मागे झेड आकाराचे कंस असतात, ते स्पारला बोल्टने जोडले जातात. पत्र्याची मागची कड स्पारच्या पट्टीवर स्क्रूंनी बसते. कंसांची भोकं स्पारच्या भोकांशी जुळतात का, पत्रा शेजारच्या पत्र्याला सलग भिडतो का, हे आताच कळायला हवं. किटमधली भोकं आधीच पाडलेली असल्यामुळे हा टप्पा गाळायचा मोह होतो. तो आवरा. सीलंट लावल्यावर एखादा कंस मिलिमीटरभर सरकला असल्याचं कळलं तर फार मनस्ताप होतो.

२. कुसळं काढा, डिंपल पाडा, घासा, पुसा

सगळं सुटं करा. प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंची आणि प्रत्येक कडेची कुसळं काढा. दोन पत्र्यांमध्ये एक कुसळ राहिलं तरी तिथे बारीक फट राहते आणि इंधन ती फट शोधून काढतंच. डिंपल, म्हणजे रिवेटचं डोकं पत्र्यात सपाट बसावं म्हणून भोकाभोवती पाडलेले खळगे, नेहमीपेक्षा किंचित खोल हवेत, कारण रिवेटच्या डोक्याखाली सीलंटचा थर येणार आहे. टाकीसाठी ते पाडायचे वेगळे साचे, म्हणजे डाय, मिळतात, ते घ्या.

मग घासणं. सीलंट जिथे जिथे लागणार आहे तिथला प्रत्येक इंच स्कॉच-ब्राइटने घासून पत्र्याची चकाकी घालवायची: रिबच्या पट्ट्या, त्यांच्या दोन्ही बाजूंचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग, बॅफलची कड, फिटिंग्जच्या भोवती. टाकीच्या आत प्रायमर लावू नका. लावलात तर सीलंट प्रायमरला चिकटतं, आणि ते सगळं फक्त प्रायमरच्या पकडीवर टिकून राहतं.

पुसायची पद्धत महत्त्वाची. एका फडक्याला एमईके लावून पुसा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. आपोआप वाळू दिलं तर विरघळलेलं तेल पुन्हा तिथेच बसतं. फडकं पांढरंच निघेपर्यंत हे करत राहा. त्यानंतर त्या पत्र्याला उघडा हात लावू नका. बोटाच्या ठशातलं तेलही पुरतं. ज्या दिवशी सीलंट लावायचं, त्याच दिवशी शेवटचं पुसा.

३. सीलंट मिसळणं

पांढरा मूळ भाग आणि काळा वेग देणारा भाग वजनाने १० ला १ असे मिसळतात. ४० ग्रॅम पांढऱ्यात ४ ग्रॅम काळा. चमच्याने किंवा अंदाजाने मोजू नका. दोन्ही भागांची घनता वेगळी असते, त्यामुळे आकारमान आणि वजन यांचा मेळ बसत नाही. तुमच्या डब्यावर दुसरं प्रमाण छापलेलं असेल तर डब्याचं ऐका. मेणकागदावर काडीने दाबून-पसरून मिसळा. पांढरी रेघ एकही दिसता कामा नये. फेटलंत तर हवेचे बुडबुडे अडकतात. मिसळल्यावर ते घट्ट श्रीखंडासारखं होतं.

‘बी-२’ मधल्या २ चा अर्थ असा की २५ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेला ते साधारण दोन तास हाताळता येतं. तापमान १० अंश फॅरनहाइटने, म्हणजे साडेपाच अंश सेल्सिअसने वाढलं की हा वेळ जवळजवळ निम्मा होतो. दमट हवेतही ते लवकर घट्ट होतं. ह्यूस्टन किंवा टँपाच्या जुलैमध्ये दुपारी काम काढलंत तर अर्ध्या रिबवरच सीलंट ओढायला लागेल, पहाटे करा. मिशिगनच्या जानेवारीत उलट होतं, थंड गॅरेजमध्ये ते दिवसेंदिवस ओलंच राहतं. थोडं थोडं मिसळा, एका बैठकीत जेवढं लागेल तेवढंच. प्रत्येक मिश्रणाचा थोडा नमुना कागदावर ठेवून त्यावर तारीख-वेळ लिहा. टाकीतलं वाळलं का, हे त्या नमुन्याला हात लावून कळतं.

४. स्टिफनरवर हात बसवा

पत्र्याच्या आतल्या बाजूला ताठपणा देणाऱ्या पट्ट्या असतात. काम इथून सुरू करतात, आणि शिकायलाही ही जागा उत्तम आहे. पट्टीच्या पाठीवर पातळ थर लावा, क्लेकोंनी जोडा, भोकांतून सीलंट किंचित बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. रिवेट सीलंटमध्ये बुडवून बसवा आणि ओलं असतानाच ठोका. कड काडीने गुळगुळीत करा आणि आत रिवेटच्या प्रत्येक शेपटीवर सीलंटचा ठिपका ठेवा. बाहेरच्या पत्र्यावर आलेलं सीलंट लगेच पुसा, वाळल्यावर ते खरवडताना पत्र्यावर ओरखडे पडतात.

हातमोजे सतत बदला. एकदा बोटांना लागलं की हत्यारं, दाराची मूठ, चष्मा, सगळीकडे जातं. कपडे तर गेलेच म्हणून समजा.

५. झाकण, निचरा आणि इतर छोटी कामं

इंधन भरायच्या तोंडाची कडी आणि खालच्या निचरा व्हॉल्व्हची चकती रिब घालण्याआधी बसवा, तेव्हा हात सहज पोचतो. दोन्ही टोकांच्या रिबना पुढच्या बाजूला कारखान्यातली भोकं असतात. ती आराखड्यातल्या पट्ट्यांनी सीलंटसकट बुजवायची असतात, आणि नवखे लोक ती हमखास विसरतात.

६. रिब

आधी आतल्या रिब, शेवटी टोकांच्या. रिबच्या पट्टीवर सीलंटची सलग रेघ ओढा, रिब सरळ खाली घाला, मागेपुढे घासत नेऊ नका. भोकांची रांग जुळली की एकाआड एक नव्हे, प्रत्येक भोकात क्लेको लावा. पत्रा पूर्ण दाबला गेला तरच थर एकसारखा पातळ राहतो. काही जण क्लेको लावून सीलंट वाळू देतात आणि नंतर रिवेट मारतात. मला ओल्यात ठोकणंच पटतं, कारण रिवेट फुगतो तेव्हा सीलंट त्याच्याभोवती नीट दाबलं जातं. मात्र मग एका बैठकीत एकच रिब घ्या, फार तर दोन. या कामाला जोडीदार लागतोच. ठोकणारा एक, आतून लोखंडी ठोकळा धरणारा दुसरा, आणि दोघांचे संकेत आधी ठरलेले.

रिवेट झाल्यावर रिब आणि पत्रा यांच्या सांध्यात दोन्ही बाजूंनी सीलंटची गोलसर कड ओढा. आतल्या रिब गळतीच्या दृष्टीने तितक्या नाजूक नाहीत, कारण त्यांच्या दोन्ही बाजूंना इंधनच असतं. तिथे फक्त रिवेटची भोकं महत्त्वाची. टोकांच्या रिबवर मात्र हात आखडता घेऊ नका, कारण त्यांच्या पलीकडे हवा असते.

एक गोष्ट जपा. रिबच्या तळाशी इंधन एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला वाटा ठेवलेल्या असतात. उत्साहाच्या भरात सीलंटने त्या बुजल्या तर बाहेरच्या कप्प्यातलं इंधन इंजिनापर्यंत पोचणारच नाही. प्रत्येक वाट काडीने मोकळी करून बघा.

७. आतल्या नळ्या आणि मापक

इंधन उचलणारी नळी टाकीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात जाते आणि तिच्या टोकाला जाळी असते. हवेची नळी रिबमधून बाहेरच्या टोकाकडे, भरायच्या तोंडाजवळ नेतात, कारण पंख बाहेरच्या बाजूला वर उचललेला असतो आणि टाकीचा सर्वांत उंच भाग तिथे असतो. दोन्ही नळ्यांतून फुंकर मारून बघा. हवेची नळी तुंबली तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला इंधन ओढता येत नाही.

- इंधन उचलणाऱ्या नळीचा टाकीतला नट सैल झाला तर नळी हवा ओढू लागते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आराखड्यात आणि बुलेटिनात सांगितलेली तार किंवा कंस लावूनच तो जखडा.
- इंधनाच्या फिटिंगवर टेफ्लॉनची टेप कधीही नाही. तिचे धागे सुटून जाळीत अडकतात. आट्यांना इंधनात टिकणारं वंगण लावा. नळीचं तोंड फुलवून केलेल्या ३७ अंशांच्या फ्लेअर सांध्याच्या तोंडावर काहीच लावू नका.
- तरंगणारा मापक बसवल्यावर मल्टिमीटर लावून तरंग वरखाली करा. सीलंट वीज वाहू देत नाही, म्हणून मापकाच्या बॉडीला अर्थिंग मिळतंय का ते आताच तपासा. तरंग पत्र्याला किंवा नळीला कुठे घासत तर नाही ना, हेही बघा.

८. बॅफल बसवण्याआधी थांबा, मग बंद करा

आता घाई करू नका. टाकी आठवडाभर उघडी राहिली तर काही बिघडत नाही. दिवा आणि आरसा घेऊन प्रत्येक शेपटी, प्रत्येक कोपरा बघा. ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेच्या तुमच्या गावच्या शाखेत टेक्निकल कौन्सेलर असतात, ते पैसे न घेता घरी येऊन काम बघतात. त्यांना बोलवायची हीच वेळ. आतला पत्र्याचा चुरा आणि सीलंटचे सुटे तुकडे व्हॅक्यूमने ओढून घ्या. सगळे फोटो काढा.

बॅफलचा एकच प्रयत्न मिळतो आणि आत काय झालं ते नंतर दिसत नाही. बाहेरच्या पत्र्यावर, रिवेटच्या रांगेच्या किंचित पुढे, सीलंटची जाड सलग रेघ ओढा. बॅफल खाली सरकताना तेच सीलंट पुढे ढकलतं आणि आतल्या बाजूची कड आपोआप तयार होते. रिबच्या मागच्या पट्ट्यांवरही सीलंट लावा. आणि चार कोपरे, जिथे टोकाची रिब, पत्रा आणि बॅफल तिन्ही भेटतात, तिथे सीलंटचा मोठा गोळा ठेवा. आरव्हीच्या टाक्या गळतात त्या बहुतेक याच कोपऱ्यांतून. बॅफल सरळ खाली दाबा, क्लेको लावा, रिवेट मारा. झेड कंसांसाठी आराखड्यात बंद टोकाचे रिवेट सांगितलेत. साधे पोकळ रिवेट वापरलेत तर मधल्या भोकातून इंधन झिरपेल.

पूर्वी टाकी बंद केल्यावर पातळ द्रव आत ओतून ती फिरवून सर्व बाजूंना अस्तर चढवायची पद्धत होती. ते अस्तर काही वर्षांनी सोलपटून जाळ्या तुंबवतं. जुन्या सल्ल्यांमध्ये हा उपाय वाचलात तरी तिकडे जाऊ नका.

९. गळतीची तपासणी

सीलंट पूर्ण वाळू द्या. मी किमान आठवडाभर म्हणेन, थंडीत त्याहून जास्त. मग सगळी तोंडं टोपणांनी बंद करा, एका जागी व्हॉल्व्ह आणि दुसरीकडे फुगा लावा आणि सायकलच्या पंपाने हलकेच हवा भरा. कॉम्प्रेसर थेट जोडू नका. दाब एक पीएसआयच्या, म्हणजे चौरस इंचाला एक पौंडाच्या, पुढे नको. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण बॅफलचं क्षेत्रफळ शेकडो चौरस इंच आहे, म्हणजे त्यावर शेकडो पौंडांचा जोर येतो आणि टाकी कायमची फुगू शकते. फुगा लावलेला असला की जास्तीचा दाब तोच झेलतो.

दाब मोजायचा असेल तर पारदर्शक नळीचा यू करून त्यात रंगीत पाणी भरा. ७० सेंटिमीटर उंचीचा फरक म्हणजे एक पीएसआय. इथे पुष्कळ जण फसतात: रात्री भरलेली टाकी सकाळी उतरलेली दिसते आणि माणूस हताश होतो. बंद टाकीत तापमान एक अंश सेल्सिअसने उतरलं तर पाण्याची पातळी सुमारे साडेतीन सेंटिमीटरने बदलते. बाहेरच्या हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने बदलला तर एक सेंटिमीटरने. म्हणून तापमान लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच तापमानाला पुन्हा वाचा.

खरी गळती साबणाच्या पाण्याने सापडते. सगळ्या रिवेटवर, कोपऱ्यांवर, फिटिंग्जवर साबण लावा आणि चांगल्या उजेडात सावकाश बघा. बुडबुडे बहुतेक वेळा इंधनाच्या झाकणातून किंवा तपासणीच्या टोपणांतून येतात. आधी तिथे टेप लावून ती शंका दूर करा.

१०. गळती सापडली तर

टाकी वाया गेलेली नसते. टोकाच्या रिबवरचं तपासणीचं झाकण उघडून जवळचे दोन कप्पे हाताला लागतात. दूरच्या कप्प्यासाठी बॅफलमध्ये भोक पाडून दुरुस्ती करतात आणि सीलंट लावून पत्र्याची थाळी त्यावर बसवतात. ही रूढ पद्धत आहे. वाळलेल्या सीलंटवर नवं सीलंट चांगलं चिकटतं, फक्त आधी ते घासून एमईकेने पुसायचं. बाहेरून थापलेलं सीलंट फार टिकत नाही, कारण आतलं इंधन त्याला पत्र्यापासून ढकलत राहतं. दुरुस्ती इंधनाच्या बाजूनेच करा.

११. पंखावर चढवणं आणि पहिलं इंधन

झेड कंसांचे बोल्ट आधी सगळे सैल लावा, मग पत्र्याचे स्क्रू, आणि सगळे जागेवर आल्यावरच आवळा. मुळाकडचे बोल्ट लावायला जागा अतिशय कमी असते. वाकड्या पान्याची सोय करून ठेवा.

इंधन थोडं थोडं भरा, दर दोन गॅलनला मापकाचं वाचन लिहा, म्हणजे इंधनदर्शकाची जुळणीही होते. १००एलएल या कमी शिशाच्या विमान-पेट्रोलला निळा रंग असतो. भरलेली टाकी काही दिवस ठेवून खालून रोज बघा, निळा डाग दिसला की तिथे पाझर आहे. बिनशिशाची नवी इंधनं आता काही विमानतळांवर येऊ लागली आहेत. ती वापरण्याआधी तुमच्या सीलंटला आणि झाकणाच्या रबरी कड्यांना चालतात का, हे किट कंपनी आणि सीलंटच्या उत्पादकाकडून लेखी घ्या.

शेवटी प्रवाहाची चाचणी. विमान चढाईच्या कोनात नाक वर करून ठेवा, कार्बुरेटरजवळची नळी सोडून मोजपात्रात धरा आणि पंप चालवा. पंपाने इंधन येणाऱ्या विमानात उड्डाणाच्या वेळच्या खपाच्या १२५ टक्के प्रवाह मिळायला हवा. इंजिन त्या वेळी तासाला १६ गॅलन घेत असेल तर २० गॅलन. दोन्ही टाक्यांसाठी वेगवेगळं मोजा, प्रवाह तुटेपर्यंत चालू द्या आणि मागे उरलेलं इंधन मोजून ‘न वापरता येणारं’ म्हणून वहीत लिहा. नंतर जाळी उघडा. पहिल्या वेळी तिच्यात सीलंटचे दोन-चार कण आणि पत्र्याचा चुरा निघतोच. ती धुऊन परत लावा आणि पहिल्या काही उड्डाणांनंतर दर वेळी उघडून बघत जा.